सकाळचा हात

"वगळलेल्या फाइली : ९."

ही ओळ मी चार वर्षं रोज सकाळी वाचली आणि रोज तिच्याखाली 'बॅकअप पूर्ण' असं लिहून सही केली. मी गिरिजा बडिगेर. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सर्व्हर सांभाळते. माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या गृहस्थांनी जाताना मला किल्ल्या दिल्या, पासवर्ड दिले आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही असतेच. हिच्याकडं बघायचं नाही." मीही बघितलं नाही. तपासणीला येणारी मंडळी 'पूर्ण' हा शब्द शोधत, तो त्यांना सापडे, आणि मला वेळेवर घरी जाता येई.

मग चैत्रात सर्व्हरच्या खोलीतला एसी तीन दिवस बंद पडला आणि आठ डिस्कांपैकी दोन गेल्या. डिस्कांच्या अशा कपाटात दोन डिस्क जाईपर्यंत माहिती शाबूत राहते; तिसरी गेली की सगळंच एकदम जातं. नव्या डिस्क घालायच्या, तर भरपाईच्या कामाचा ताण उरलेल्या सहांवर येतो आणि तिसरी त्यातच मरते. नवा सर्व्हर खोक्यातून काढून शेजारी उभा केला होता. त्यावर बॅकअप चढवायचा म्हणून मी यादी उघडली आणि ती ओळ पहिल्यांदा नीट वाचली. नऊ फाइली म्हणजे नऊ माणसांचे हात होते. त्यातला एक माझ्या वडिलांचा.

आमचे आप्पा, मौनाप्पा बडिगेर, पेट्या बनवतात. बाजाची पेटी. लाकूडकाम कुणीही शिकेल. खरं काम सुरांचं. पितळी जिभेच्या टोकाशी कानस फिरवली की सूर चढतो, मुळाशी फिरवली की उतरतो. किती फिरवायची, ते डोळ्याला दिसत नाही. एक हात जास्त पडला की जीभ वाया. असलं काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात अठ्ठावन्नाव्या वर्षी थरथरायला लागला आणि दोन वर्षांत चहाची बशीही धरवेना. त्या काळात आप्पा घरात कसे वागले ते मी लिहीत नाही. आईनं सोसलं, एवढंच सांगते. आज आई असती तर मला फाडून खाल्लं असतं.

थरथर म्हणजे काय, तर मेंदूकडून हाताला जाणाऱ्या हुकमात मिसळलेला एक नको असलेला ठेका, सेकंदाला पाचेक वेळा. अकरा वर्षांपूर्वी आप्पांच्या मेंदूत दोन बारीक तारा आणि छातीत कातडीखाली एक लहानसं यंत्र बसवलं. तारा हुकूम ऐकतात, ठेका ओळखतात आणि बरोबर उलटा ठेका देऊन तो मारतात. कुठं किती मारायचा, हे मात्र माणूस काय करू बघतोय त्यावर ठरतं. ते यंत्राला शिकावं लागतं. घास उचलणं, गुंडी लावणं एवढं छातीतल्या यंत्रात मावतं. बाकीचं सगळं शिकलेलं हॉस्पिटलच्या सर्व्हरवर एका फाइलीत राहतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत हातापर्यंत ये-जा करतं. म्हणून आप्पांचा हात मिरजेत कारागिराचा असतो आणि जयसिंगपूरला गेला की नुसता जेवणाऱ्याचा.

ती फाइल रोज शिकते, म्हणून रोज उघडी असते. शिकवायला सुरुवातीला आप्पांचा स्वतःचा अर्धा हात शिल्लक होता. अकरा वर्षांत आजार पुढं सरकला आणि तोही संपला. आता फाइल गेली तर नव्या फाइलीला शिकवायला कुणी नाही. हे कळल्यावर मी तशीच उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"बंद करा, नक्कल घ्या, परत उघडा. सोपं आहे ना?" आमच्या ताम्हनकर मॅडम म्हणाल्या. आप्पांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर त्याच.

"बंद होईल. पण नक्कल फसली तर जुनीच उघडायची, आणि उघडताना फाइल चालवणारा प्रोग्राम पानन् पान तपासून परत लिहितो. तेवढा ताण त्या डिस्का सोसतील असं मला वाटत नाही. आणि ज्या कंपनीनं तो लिहिला ती कधीच गुंडाळली गेली."

"मग चालूच असताना घ्या."

हे सगळेच म्हणतात. चालू फाइलीची नक्कल म्हणजे, कुणीतरी वहीत लिहीत बसलंय आणि तुम्ही तीच वही उतरवून काढताय. आप्पांची फाइल उतरायला सहा तास लागतात. पहिलं पान सकाळचं आणि शेवटचं दुपारचं, अशी नक्कल कुठंच जुळत नाही. म्हणून बॅकअपचा प्रोग्राम अशा फाइलीशी भांडतच नाही, तिचं नाव 'वगळलेल्या'मध्ये टाकून पुढं जातो. यावर एक उपाय आहे. एका क्षणी खूण करायची. त्या क्षणानंतर जे पान खोडलं जाणार असेल, त्याचा जुना मजकूर आधी राखीव जागेत ठेवायचा. लिहिणारा लिहीत राहतो आणि उतरवणाऱ्याला सगळी वही त्या एका क्षणातली दिसते. त्या क्षणी अर्धी झालेली हालचाल अर्धीच राहते. नक्कल उघडली की आधी ती पुरी होते, मग पुढचं. अडचण एकच. राखीव जागा भरली की खूण कोसळते. आणि दोन डिस्क गेल्यावर आमच्याकडं राखीव जागा उरली होती थोडकी.

"बाकी आठ झाले, मॅडम. त्यांचं काय, काठी धरणं, जेवणं, माळ ओढणं. आप्पा दिवसभर कानस चालवतात. दोन-तीन तासांत जागा भरते. रात्री झोपेत तर फाइल दिवसाचं सगळं घोटत बसते, तेव्हा त्याहून जास्त लिहिते."

"एक दिवस स्वस्थ बसवा की त्यांना."

मी हसले. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा आप्पा मांडवामागं बँडवाल्याच्या पेटीचा भाता चिकटवत होते.

घरी येऊन मी सरळ खोटं बोलले. "आप्पा, मॅडमनी उद्या हाताला विश्रांती सांगितलीय. दिवसभर."

"का? बरा हाय की."

"तपासणी हाय."

दुसऱ्या दिवशी सर्व्हरसमोर बसून मी आप्पांच्या फाइलीचा आलेख बघत होते. त्यांच्या हाताची प्रत्येक हालचाल तिथं रेघ होऊन उमटते. दोन तास रेघ जमिनीला टेकलेली होती. मग एकदम उसळली आणि उसळतच राहिली. मी फोन लावला.

"काय करताय आप्पा?"

"काय न्हाई. बसलोय."

"कानस ऐकू येतीय मला."

"एकच सूर ऱ्हायला हुता गं. कोमल गंधार. निंबाळकर बाईंची पेटी हाय, शाळेच्या कार्यक्रमाची."

खूण कोसळली. परत एक दिवस मी त्यांना हवापाण्याच्या गप्पा मारत बसवलं, तर मांडीवर बोटांनी पेटी वाजवत राहिले. पाचव्या तासाला तीही कोसळली. त्याच दुपारी मी हॉस्पिटलात गेले, तर तिसऱ्या डिस्कनं पहिली तक्रार नोंदवली होती. आता कुठलाही दिवस शेवटचा असू शकत होता. मी रिक्षा केली आणि घरी आले. वाटेत तीनदा ठरवलं की सांगायचं आणि तीनदा ठरवलं की नको.

आप्पा भात्याला चामडं लावत होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं. एसी, डिस्का, फाइल, ती ओळ, माझी सही. काही गाळलं नाही.

त्यांनी चामडं खाली ठेवलं. "म्हंजे माझ्या हाताची नक्कल कुठंच न्हाई?"

"नाही."

"आन कागदावर तू काय लिवत हुतीस?"

"पूर्ण."

"पेटी देताना मी सदतीस सूर वाजवून देतो. छत्तीस वाजवून 'झाली' म्हणून कधी दिलीया?" आवाज चढला नाही, आणि तेच मला झोंबलं. "तुला ठावं न्हवतं असं न्हाई. तू बघितलं न्हाईस."

मी लॅपटॉपची पिशवी खाली ठेवली.

"आन वर इश्रांतीचं खोटं. खरं सांगितलं असतंस तर गप बसलो नसतो व्हय?"

"नसता बसला," मी म्हणाले.

"नसतो बसलो," ते म्हणाले. "पन सांगायचं हुतंस."

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी बोलून गेले की अकरा वर्षांच्या आलेखात दरसाल एकच दिवस सपाट आहे. खंडेनवमीचा. आम्ही बडिगेर, सुतारकीची माणसं. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडायची, हळदीकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गिऱ्हाईक दारात बसून राहिलं तरी नाही. "पण तिला अजून सहा महिने हायत," मी म्हणाले. आप्पांनी चामडं परत उचललं. रात्री जेवले नाहीत. माझ्याशी बोलणं बंद झालं.

सकाळी मी उठले तर कामाच्या खोलीत पाट मांडलेला. कोरं धोतर अंथरून त्यावर रंधा, पटाशी, करवत, सामता, चिमटे आणि सगळ्यांत पुढं सुरांच्या तीन कानशी. हळदीकुंकू, झेंडू, नारळ. तिथी होती चैत्र वद्यातली षष्ठी. नवमीचा पत्ता नव्हता, देवीचे दिवस नव्हते. आप्पा अंघोळ करून, भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

मी लॅपटॉप घेऊन समोर बसले. घरूनच खूण करायची, म्हणजे मला त्यांच्यावर लक्ष ठेवता येईल, असं मी ठरवलं होतं. यंत्राला सर्व्हरशी जोडणारा त्यांच्या मनगटावरचा पट्टा सैल वाटला म्हणून डाव्या हातानं तो दाबायला पुढं झाले. उजवा अंगठा लॅपटॉपवर, खुणेच्या बटणावर होता.

"हो बाजूला!" आप्पा ओरडले आणि मला लोटायला हात उचलला. मी दचकून मागं सरले आणि बटण दाबलं गेलं. हात माझ्यापर्यंत पोचलाच नाही. हवेत थांबला आणि परत मांडीवर गेला. दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. खूण लागली होती.

नुसतं बसणं किती कठीण असतं, ते मी त्या दिवशी बघितलं. पहिल्या तासात आप्पांची बोटं चार वेळा उचलली गेली आणि चारही वेळा त्यांनी झेंडूच्या फुलांकडं बघून ती खाली ठेवली. कपाळावर माशी बसली, ती मी हाकलली. एकदा नाक खाजलं, तर भिंतीला घासलं. राखीव जागा वीस टक्के भरली, मग तीस. मी दर मिनिटाला आकडा बघत होते आणि दर पाच मिनिटांनी तिसऱ्या डिस्कची नोंद.

दुपारी मी भाकरी-आमटी आणली. घास मोडायचा म्हणजे परत रेघ. मी घास केला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. अबोला चालूच होता. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. लहानपणी मला ताप आला की तेच भरवायचे, असं काहीतरी बोलावंसं वाटलं. पण मी पुढचा घास मोडला.

दोन वाजता निंबाळकर बाई आल्या. शाळेत संगीत शिकवतात, आमच्याकडं वीस वर्षं येताहेत. "अगंबाई, आज कसली पूजा? आणि माझी पेटी? संध्याकाळी कार्यक्रम आहे, आप्पा." असं म्हणत त्यांनी कोपऱ्यातली पेटी ओढली आणि वाजवून बघायला लागल्या. कोमल गंधार आला आणि भेसूर रडला. त्यांनी तो परत दाबला. आणि परत.

आप्पांचा हात हलला नाही. तरी आलेख चढला. नुसतं करावंसं वाटलं तरी मेंदू हुकमाची तयारी करतो आणि फाइल ती टिपते. सत्तर टक्के. बहात्तर. शहात्तर.

"बाई, तुम्ही जरा बाहेर—" मी उठले.

"थांब," आप्पा म्हणाले. सकाळच्या ओरडण्यानंतरचा त्यांचा माझ्याशी पहिला शब्द. मग बाईंना म्हणाले, "त्यो सूर खोटा हाय. मला आज हात लावता येत न्हाई. तुमी भूपातलं कायतरी घ्या पोरांकडनं. त्यात त्यो लागत न्हाई."

"अहो, पण तुम्ही कधी अशी अर्धवट पेटी दिली नाहीत."

"सांगून देतोय न्हवं."

बाई पेटी घेऊन गेल्या. रिक्षा वळेपर्यंत आप्पा तिच्या आवाजाकडं कान लावून होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि रेघ हळूहळू खाली आली. 'सांगून देतोय' हे माझ्यासाठी होतं, ते मला कळलं. चार वर्षांत तेवढंच तर करायला हवं होतं मी.

चार वाजून चौदा मिनिटांनी उतरवणं संपलं. जागा चौऱ्याण्णव टक्के भरली होती. मी मोठ्यानं "झालं!" म्हणाले आणि सवयीनं माझी बोटं रोजच्या अहवालाकडं गेली. 'बॅकअप पू' एवढं लिहूनही झालं.

"वाजवून बघितलंस?" आप्पांनी विचारलं.

मला तेच नको होतं. वाजवून बघायचं म्हणजे नव्या सर्व्हरवर नक्कल उघडायची आणि आप्पांचा हात तिला जोडायचा. जोडताना जुनी फाइल बंद होणार. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "नक्कल आहे ना? मग आजच कशाला धोका?" मी स्पीकर चालू ठेवला होता.

"आप्पा, बिघडलेली निघाली तर आजच हात जाईल," मी म्हणाले. "नाही बघितलं तर जुनीवर कदाचित अजून आठ-पंधरा दिवस काम कराल."

"आन आज बिघडलेली निघाली तर जुनी परत उघडंल?"

"निम्मी आशा."

"आन ती डिस्क मेल्यावर?"

"काहीच नाही."

"मग इचारतीस काय? जोड."

मी जोडला. जुनी फाइल अकरा वर्षांत पहिल्यांदा बंद झाली. छातीतल्या यंत्राला नव्या सर्व्हरशी ओळख करून घ्यायला चार मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ ते काहीच मारत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि बघणं यांत फरक आहे. आप्पांचा उजवा हात मांडीवर उडायला लागला, मग दंड, मग हनुवटी. शेजारचं हळदीकुंकवाचं तबक वाजू लागलं. आप्पांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. तो हात मला धरावासा वाटला आणि धरायचं धाडस झालं नाही. अडीच मिनिटं. तीन. फोनवर मॅडम काहीतरी विचारत होत्या. चार मिनिटं झाली, तरी हात उडतच होता. सव्वाचार. मला रडू फुटलं. "आप्पा, चुकलं माझं," मी म्हणाले आणि त्यांच्या पुढ्यात वाकले.

तबक वाजायचं थांबलं.

हात मांडीवर निश्चल पडला होता. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत असतानाच तो उचलला गेला, सरळ माझ्या खांद्यावर आला आणि त्यानं मला जोरात मागं लोटलं. मी लॅपटॉपसकट बाजूला पडले.

आप्पा घाबरले. "म्या न्हाई केलं ह्ये! गिरिजा, देवाशप्पथ म्या न्हाई केलं!"

मी पडल्या पडल्याच हसायला लागले. हसणं आणि रडणं एकत्रच चाललं होतं. "नक्कल दहा वाजून अकरा मिनिटांची हाय आप्पा. तेव्हा तुम्ही मला लोटत होता. अर्धं राहिलं होतं, ते पुरं झालं."

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला, उलटासुलटा करून बघितला, अंगठा प्रत्येक बोटाच्या पेराला लावून बघितला. एकही पेर चुकलं नाही.

"सकाळचा राग हुता त्यो," ते म्हणाले.

"व्हय."

"लागलं का?"

"नाही."

कानशी समोरच होत्या. पूजा मांडलेली होती, म्हणून त्यांनी त्यांना हात लावला नाही. त्याऐवजी हात सावकाश पुढं आणला आणि जिथं मघाशी धक्का बसला होता तिथंच, माझ्या खांद्यावर, ठेवला. तो जराही थरथरत नव्हता. बराच वेळ त्यांनी तो तिथून काढला नाही.

"ह्ये आत्ताचं हाय," आप्पा म्हणाले. "ह्याची बी नक्कल घे."